ऐंशी माणसांच्या पोळ्या आणि लाल दोऱ्यातली मुळाक्षरे

जुन्या अनाथगृहांविषयी लिहिणारे बहुतेक जण देणगीदारांपासून सुरुवात करतात. जागा कोणी दिली, कोनशिला कोणी बसवली, पहिल्या वर्षी किती मुले आली, हे सारे तपशिलाने सांगितले जाते. त्या मुलांचा दिवस कसा जात असे याविषयी मात्र फारच थोडे लिहिलेले सापडते आणि मुलींचा विषय आला की गृहकृत्यांचे शिक्षण दिले जाई, एवढ्या एका वाक्यात तो आटोपतो. मी ठाण्यातल्या एका कन्याशाळेत निवृत्त होईपर्यंत शिवण आणि गृहविज्ञान शिकवले, त्यामुळे त्या एका वाक्यापाशी मी नेहमी थांबते. गृहकृत्ये म्हणजे नेमकी कोणती, ती दिवसातून किती वेळ करायची, कोणाच्या देखरेखीखाली, आणि मुख्य म्हणजे ती शिकून त्या मुलीने पुढे कोणाचे घर चालवायचे, या प्रश्नांची उत्तरे मी गेली काही वर्षे शोधते आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात, म्हणजे 1893 पासून चालत आलेल्या आपल्या गावच्या वाचनालयात, आत्मचरित्रे आणि संस्थांचे इतिहास चाळताना जे हाती लागले, आणि एका मावशींकडून जे ऐकले, ते इथे एकत्र मांडते आहे.

आधी विलायतेकडे जाऊ, कारण मुलांना मोठ्या संख्येने एका छपराखाली वाढवण्याची जी घडी पुढे जगभर गेली, ती बऱ्याच अंशी तिथे बसली. लंडनचे फाउंडलिंग हॉस्पिटल थॉमस कोरम यांच्या खटपटीतून उभे राहिले. त्याची सनद 1739 ची आणि पहिली मुले दाखल झाली ती 1741 मध्ये. दाखल होताच बाळाचे नाव बदलले जाई. मग त्याला खेड्यातल्या एखाद्या दाईकडे सोपवत आणि ते साधारण पाच वर्षांचे झाले की परत आणत. ज्या बाईला ते आई म्हणून ओळखत आले, तिच्यापासून दूर होऊन ते मूल एकाच रंगाच्या गणवेशातल्या शेकडो मुलांच्या रांगेत उभे राही. मुलांना पुढे जहाजांवर किंवा कारागिरांच्या हाताखाली उमेदवारीला पाठवत, मुलींना घरकामाला. रविवारची प्रार्थना झाल्यावर शहरातली प्रतिष्ठित मंडळी मुलांचे जेवण पाहायला येत, आणि मुले शिस्तीत, खाली मान घालून जेवत. देणग्या मिळवण्यासाठी हे आवश्यक होते, असे संस्थेच्या बाजूने म्हणता येईल. पण आपण घास घेतो तो पाहायला माणसे जमतात, हे लहानपणीच कळलेल्या मुलाच्या मनात काय राहत असेल, याचा विचार केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर यांनी 1836 मध्ये भाड्याच्या घरात अनाथ मुलींचे गृह सुरू केले. पुढे अ‍ॅशली डाऊन या टेकडीवर 1849 ते 1870 या काळात पाच मोठ्या इमारती झाल्या आणि 2,050 मुलांची सोय झाली. मुलगे चौदाच्या आसपास उमेदवारीला जात, मुली मात्र सतराव्या वर्षापर्यंत राहत, आणि ही तीन वर्षे स्वयंपाकघर, धुलाईघर, शिवणखोली आणि लहान मुलांची देखभाल यांत जात. या मुलींनी भरलेले कापडाचे नमुने आज संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत, आणि शिवण शिकवणारी म्हणून मला त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगायचे आहे.

पांढऱ्या कापडावर केवळ लाल सुती दोऱ्याने, फुलीच्या टाक्याने, इंग्रजी मुळाक्षरे भरलेली असतात. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या वळणांत: मोठी, लहान, जाड, बारीक, तिरकी. खाली आकडे, मग वेलबुट्टीच्या पट्ट्या, आणि बऱ्याच नमुन्यांवर मुलीची आद्याक्षरे, इमारतीचे नाव आणि साल. अक्षरे इतकी बारीक असतात की एकेक फुली कापडाचे दोनच धागे उचलून घातलेली असावी. मी वर्गात मुलींना मॅटीच्या जाड कापडावर हाच टाका शिकवत असे आणि तरीही ओळ वाकडी जाई, म्हणून त्या कामामागची चिकाटी मला नीट समजते. मागची बाजूही पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ ठेवायची असा जो दंडक आम्ही मुलींना घालतो, तो या मुलींनी पाळलेला दिसतो. पण इतकी मुळाक्षरे भरायची कशासाठी? मोठ्या घरांत चादरी, अभ्रे, टॉवेल, रुमाल हे सारे धुलाईला जाताना हरवू नये म्हणून त्यांच्या कोपऱ्यावर मालकाची अक्षरे आणि नग क्रमांक लाल दोऱ्याने भरण्याची पद्धत होती. ज्या मुलीला हे काम सफाईने येते तिला चांगल्या घरात जागा मिळे, आणि तो नमुना म्हणजे तिचे प्रशस्तिपत्र होते. म्हणजे सुबकपणाची परिसीमा गाठलेली ही मुळाक्षरे मुलगी शिकली ती दुसऱ्याच्या चादरीवर दुसऱ्याचे नाव घालण्यासाठी.

म्युलर यांच्यावर त्या काळी आक्षेप घेतला गेला तो याच्या अगदी उलट होता, हेही सांगितले पाहिजे. गरिबांच्या मुलांना ते त्यांच्या पायरीपेक्षा जास्त शिकवतात, अशी तक्रार होती. संस्था चालवणाऱ्या माणसांना सरसकट दोष देणे त्यामुळे मला योग्य वाटत नाही. ज्या काळात गरीब घरातली मुलगी आठव्या-नवव्या वर्षीच कामाला जुंपली जाई, त्या काळात सतरा वर्षांपर्यंत पोटभर जेवण, छप्पर आणि वाचन-लेखन देणारी जागा ही मोठीच गोष्ट होती.

तरीही या शिक्षणात एक उणीव होती, आणि ती त्या काळातच एका बाईच्या नजरेला आली. जेन सीनियर या ब्रिटनच्या सरकारी सेवेत वरच्या पदावर नेमल्या गेलेल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. 1873 मध्ये नेमणूक झाली आणि निराधार मुलींच्या शाळांविषयीचा त्यांचा अहवाल 1874 मध्ये निघाला. शेकडो मुली एकत्र ठेवलेल्या मोठ्या शाळांमधून बाहेर पडलेल्या मुली नोकरीत टिकत नाहीत, कारण घर म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसते आणि त्यांच्यावर कोणी आईसारखी माया केलेली नसते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. निराधार मुलांसाठी संस्था चालवणारे डॉ. बर्नार्डो यांनी लंडनजवळ बार्किंगसाइड येथे 1876 मध्ये मुलींचे जे गाव वसवले, ते याच विचाराच्या वळणाचे होते. एकच मोठी इमारत न बांधता हिरवळीभोवती लहान लहान घरे, प्रत्येक घरात निरनिराळ्या वयांच्या मुली आणि त्यांना सांभाळणारी एक ‘आई’. पुढे अशी साठाहून अधिक घरे झाली. अर्थात तिथेही मोठे धुलाईघर होते, आणि बाहेर पडणारी मुलगी प्रामुख्याने मोलकरीण म्हणूनच बाहेर पडे. बर्नार्डो यांची बरीच मुले 1882 पासून कॅनडाला पाठवली गेली. निरनिराळ्या संस्थांनी मिळून सत्तर-ऐंशी वर्षांत तिकडे पाठवलेल्या मुलांचा आकडा लाखाच्या घरात जातो. मुलगे शेतावर, मुली घरकामाला. तो विषय इतका मोठा आहे की इथे केवळ उल्लेख करून थांबते.

जेन सीनियर यांचे म्हणणे मला पटले ते अहवालामुळे कमी आणि मावशींमुळे जास्त. मावशी म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजी, किसननगरला राहतात. त्यांच्या परवानगीने, नाव-गाव न देता लिहिते आहे. वयाच्या चौथ्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्या देशावरच्या एका अनाथाश्रमात वाढल्या. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे होती ती. पहाटे घंटा, अंथरुणांच्या घड्या, अंगणात झाडलोट आणि सडा, आडाचे पाणी, प्रार्थना, न्याहारी, शाळा. संध्याकाळी तांदूळ निवडणे, दिवाबत्ती, पुन्हा प्रार्थना. शनिवारी शिकेकाई उकळून सगळ्यांची न्हाणी. दहा वर्षांच्या झाल्यावर प्रत्येकीकडे एक लहान मुलगी सोपवली जाई. तिची वेणीफणी, तिच्या उवा, तिचे फाटलेले परकर, तिचे रडणे हे सारे त्या मोठीचे. मावशींकडे जी होती ती आज नाशिकला असते, आणि दर दिवाळीत भाऊबिजेनंतरच्या दिवशी तिचा फोन येतो.

स्वयंपाकाविषयी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “बाई, मी चार वर्षं पोळ्या लाटल्या. ऐंशी माणसांच्या. पण कणकेत मीठ किती घालायचं ते मला लग्न होईस्तोवर माहीत नव्हतं.” मला आधी उलगडा होईना. मग त्यांनी सांगितले की कणीक भिजवणारी मुलगी वेगळी होती, लाटणाऱ्या दोघी वेगळ्या आणि भाजणारी वेगळी. प्रत्येकीचा हात तिच्या तिच्या कामात इतका बसला होता की बदल केला तर जेवणाला उशीर होई, म्हणून बदल होत नसे. मीठ कोठीघरातून मोजून येई, आणि कोठीची किल्ली बाईंच्या कमरेला. लग्न संस्थेनेच जुळवून दिले. यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला होते. चाळीतल्या खोलीत पहिल्या सकाळी समोर रॉकेलचा स्टोव्ह होता, आणि मावशींनी आयुष्यात चुलीशिवाय दुसरे काही पेटवलेले नव्हते. दोघांपुरती आमटी करायची तर डाळ किती, हेही कळेना; पातेले भरून झाली आणि तीन दिवस पुरवली. पण त्यांना सर्वांत जड गेले ते वाण्याच्या दुकानात जाणे. अठरा वर्षांच्या वयापर्यंत त्यांच्या हातात कधी पैसेच आलेले नव्हते. डाळीचा भाव काय, पाच रुपयांतून परत किती घ्यायचे, उधारीची वही म्हणजे काय, यातले काहीच ठाऊक नव्हते. शेजारच्या वहिनींनी त्यांना बाजार शिकवला, स्टोव्हला पिन मारायला शिकवले आणि पोस्टात खाते काढायलाही त्याच सोबत गेल्या.

आणि याच मावशींच्या घरी आज गेले तर चादरीच्या घडीची कड कडेला तंतोतंत जुळलेली असते, मोरी कोरडी असते, रफू केलेल्या जागी बोट फिरवूनही रफू सापडत नाही. म्हणजे शिक्षण मिळाले होते, आणि चांगले मिळाले होते. फक्त ते ज्या घरासाठी मिळाले होते ते घर म्हणजे तो आश्रमच होता. मुलांनी काम करणे यात मला गैर काही दिसत नाही. त्या काळी कोणत्या घरातल्या मुली पाणी भरत नव्हत्या आणि भांडी घासत नव्हत्या? संस्थांकडे पगारी माणसे ठेवण्याइतका पैसा नसे, हेही खरे आहे. पण जे काम संस्थेची गरज भागवण्यासाठी करून घेतले, त्यालाच मुलीचे शिक्षण म्हणायचे असेल, तर एक कसोटी लावली पाहिजे असे मला वाटते: फाटकाबाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, हाताशी कोणी नसताना, त्या मुलीला त्यातले काय उपयोगी पडले?

ही कसोटी लावून पाहिली की आपल्याकडच्या दोन संस्था मला निराळ्या दिसतात. महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पंढरपूरचे अनाथ मुलांचे गृह 1875 चे. पण ‘शिकवायचे काय’ या बाबतीत पंडिता रमाबाई आणि अण्णासाहेब कर्वे यांनी जे केले, ते मुळातून वाचण्यासारखे आहे.

रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत मुली आणि विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. धर्मांतराच्या प्रश्नावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले, रानडे-भांडारकरांसारखी मंडळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली, आणि तो वाद अजूनही मिटलेला नाही. मी त्यात इथे शिरत नाही. मला सांगायचे आहे ते केडगावच्या मुक्ती सदनाविषयी. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या आणि मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. एवढ्या माणसांचे रोजचे दळण, स्वयंपाक आणि धुणे मुलीच करत होत्या, यात ब्रिस्टलहून वेगळे काही नाही. पण त्याशिवाय तिथे शेती होती, गोठा होता, तेलाचा घाणा होता, माग होते, शिवणकाम होते, अंध मुलींसाठी ब्रेल होते आणि छापखाना होता.

या छापखान्यापाशी मी फार वेळ रेंगाळते. देवनागरीचे खिळे जुळवणे हे इंग्रजीहून कितीतरी किचकट काम. मुळाक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वर-खालच्या मात्रा-उकार असे शेकडो खिळे निरनिराळ्या खणांत ठेवलेले असत आणि खिळेजुळाऱ्याला अक्षर उलटे वाचता यावे लागे. जी मुलगी दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडली, जिला अक्षरओळखही नव्हती, ती काही वर्षांत शिशाची उलटी अक्षरे बोटांनी ओळखून ओळीत बसवू लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे जे सोपे मराठी भाषांतर केले, त्याचे काम 1922 मध्ये त्यांच्या मृत्यूच्या थोडेच आधी संपले, आणि ते पुस्तक मुक्तीतल्या बायकांनी आपल्याच छापखान्यात छापून काढले. लाल दोऱ्याने दुसऱ्याच्या चादरीवर अक्षरे भरणाऱ्या मुलीला आणि पुस्तकाचे पान जुळवणाऱ्या या मुलीला कष्ट सारखेच पडले असतील. हिच्या हाती मात्र एक धंदा आला, जो तोवर आपल्याकडे पुरुषांचाच समजला जाई.

पुण्याजवळच्या हिंगण्याची गोष्ट वेगळ्या वळणाची. अण्णासाहेबांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिलेल्या जागेत झोपडी उभी राहिली. अण्णासाहेब रोज तिथून फर्ग्युसन महाविद्यालयात पायी जात, पावसाळ्यात चिखल तुडवत. आश्रमातल्या बहुतेक जणी बालविधवा होत्या. माहेरी किंवा सासरी राबणे म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरजच नव्हती. घरकाम त्या आयुष्यभर फुकट करतच आल्या होत्या. म्हणून इथे कामाच्या पाळ्या असत, पण अभ्यास आधी, आणि पुढे शिक्षिका किंवा परिचारिका होऊन स्वतः मिळवण्याची वाट दाखवलेली असे. या दोन संस्थांना जोडणारा दुवा म्हणजे बाया कर्वे. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी तीच, आणि 1893 मध्ये अण्णासाहेबांशी पुनर्विवाह करणारीही तीच. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, आणि 1918 मध्ये, इंग्रजी धड येत नसताना, त्या अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. घरकाम तेच, पण ते त्यांनी स्वतः निवडलेल्या कामासाठी, स्वतः ठरवलेल्या मुदतीपुरते आणि मजुरी हातात घेऊन केले.

त्यानंतर कायदा आला. 1924 चा मुंबई मुलांचा कायदा, मग मुलांची गृहे चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी, मग स्वातंत्र्यानंतरचे एकामागून एक कायदे, आणि सध्याचा 2015 चा बालन्याय अधिनियम. आता प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र संगोपन आराखडा करावा लागतो, आणि अठरा पूर्ण झाल्यावर एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरही आधार देण्याची, तरतूद आहे. मुलांकडून ऐंशी माणसांच्या पोळ्या आता कोणी लाटून घेत नाही, आणि तसेच असले पाहिजे. पण त्यामुळे उलट्या बाजूची अडचण उभी राहिली आहे. स्वयंपाकघरात मुलांनी जायचेच नाही, असा नियम काही ठिकाणी इतका काटेकोर पाळला जातो की अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलीला गॅस पेटवता येत नाही. मावशींना लाटता येत होते आणि मिठाचे प्रमाण ठाऊक नव्हते. हिला दोन्ही ठाऊक नाही, आणि पैशांचा व्यवहार तर तेव्हाइतकाच परका आहे.

ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात मी सध्या मोठ्या मुलींना शिवण शिकवायला जाते. परवानगीची सारी कागदपत्रे पूर्ण करून, अधीक्षिकांच्या संमतीने, मागच्या वर्षापासून मावशीही माझ्याबरोबर येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी सुचवले की शिवण राहू द्या थोडी मागे, आधी तिघींचा स्वयंपाक शिकवू. म्हणून आता तीन-तीन मुलींचा गट करतो. प्रत्येक गटाला ठरावीक रक्कम देतो. अधीक्षिकांनी नेमून दिलेल्या ताईंसोबत मुली बाजारात जाऊन येतात, भाजी स्वतः निवडतात, हिशेब वहीत लिहितात आणि मग रांधतात. कणीक भिजवणारी, लाटणारी आणि भाजणारी दर वेळी बदलते, यावर मावशींचा कटाक्ष असतो. मीठ चुकले तर चुकू देतात. एका मुलीने दुसऱ्यांदा हिशेब लिहिताना मेथीची जुडी महाग पडली म्हणून पुढच्या वेळी आपणहून मुळा आणला, तेव्हा मावशी तिच्या वहीकडे बराच वेळ पाहत होत्या.

यापुढचे जे विषय घ्यायचे आहेत ते मला आणि मावशींना दोघींनाही नीट येत नाहीत. भाडेकरार कसा वाचायचा, अनामत रक्कम परत मिळवायची तर पावती कोणती लागते, बँकेच्या खात्यात किमान शिल्लक किती ठेवायची, पगाराच्या चिठ्ठीतली भविष्य निर्वाह निधीची कपात म्हणजे काय, आणि घरमालकाने अचानक खोली सोडायला सांगितले तर कोणाकडे दाद मागायची. ठाणे-कळवा-मुलुंड परिसरात राहणारे आणि हे मराठीतून, मुलींना भीती न वाटता, समजावून सांगू शकणारे कोणी वकील किंवा बँकेतले निवृत्त कर्मचारी हे वाचत असतील, तर त्यांनी जरूर कळवावे. परवानगीचे काम मी पाहीन. वर्ग शनिवारी दुपारी असतो.